बागेत तीन प्रकारचं तण माजलंय – ओळख आणि बंदोबस्त सांगा

अंगण_तळेगाव

नमस्कार मंडळी, आमचं घर तळेगाव दाभाड्याला आहे, पुढे मागे मिळून अर्ध्या गुंठ्याच्या आसपास मोकळी जागा. दिवाळीनंतर पोयटा माती आणि ट्रॉलीभर शेणखत टाकून घेतलं, वांगी-टोमॅटो-मिरची लावली, कडेने झेंडू, जास्वंद, मोगरा. उन्हाळाभर सगळं ठीक होतं पण पहिले दोन मोठे पाऊस झाले आणि आता बाग कमी आणि रान जास्त दिसतंय. तीन गोष्टींनी फार वैताग आणलाय, फोटो अपलोड होत नाहीयेत म्हणून वर्णन लिहिते.

१) गाजराच्या पाल्यासारखी कातरलेली पानं, छोटी रोपं जमिनीला चिकटून गोल पसरतात, कुंपणाकडे जी मोठी झालीत त्यांना बारीक पांढरी फुलं आलीत. हे गाजरगवतच ना? गंमत म्हणजे झेंडूची आपोआप उगवलेली रोपं पण मला अशीच वाटतात त्यामुळे उपटायला हात होत नाही. सासूबाईंनी परवा हाताने बरंच उपटलं आणि तेव्हापासून त्यांच्या मनगटांना खाज आहे.

२) गवतासारखं, चकचकीत हिरवं, उपटलं की सहज येतं हातात पण आठवड्याभरात त्याच जागी पुन्हा हजर. खणून बघितलं तर खाली काळपट गाठी आहेत, एकीला एक जोडलेल्या.

३) नर्सरीतून ग्राउंड कव्हर म्हणून एक पिवळ्या फुलांचा वेल आणला होता, दिसतो फार गोड, पण आता तो मोगऱ्याच्या अंगावर चढलाय आणि गेटबाहेर गटाराच्या कडेनेपण जायला लागलाय. हा तणात मोडतो का?

दुकानदार म्हणाला टू-फोर-डी मारा, नाहीतर ग्लायफोसेट, सगळं साफ. पण घरात लहान मूल आहे आणि भाजी आम्हीच खातो, त्यामुळे मन तयार नाही. कृपया अनुभवी लोकांनी सांगा.

---

वनस्पती_मास्तर

ताई, वर्णन इतकं नीट केलंय की फोटोची गरजच नाही. पहिलं गाजरगवत, दुसरा लव्हाळा, तिसरं वेडेलिया. आणि तिसऱ्याचं उत्तर हो, तो तणच आहे, नर्सरीत विकला जातो म्हणून त्याचं तणपण कमी होत नाही.

एक गोष्ट आधी सांगतो कारण पुढचं सगळं त्यावर अवलंबून आहे. ही तिन्ही तीन वेगळ्या मार्गांनी पसरतात. गाजरगवत फक्त बियांनी. लव्हाळा मुख्यतः जमिनीखालच्या गाठींनी. वेडेलिया खोडाच्या तुकड्यांनी, प्रत्येक पेराला मुळं फुटतात. त्यामुळे एकाला लागू पडणारा उपाय दुसऱ्यावर चालत नाही, उलट कधी कधी तण वाढवतो. बहुतेक लोक तिन्हीवर एकच खुरपं चालवतात आणि मग म्हणतात काही उपयोग नाही.

गाजरगवत आणि झेंडू ओळखायची खूण: झेंडूची पानं खोडावर समोरासमोर जोडीने येतात, प्रत्येक पान छोट्या छोट्या दातेरी पानांचं बनलेलं असतं आणि चुरगळलं की झेंडूचा तो ओळखीचा वास लगेच येतो. गाजरगवताची पानं एकाआड एक, रंग किंचित राखाडी हिरवा, अंगावर बारीक लव, आणि लहानपणी ते जमिनीसरशी थाळीसारखं पसरतं, मग मधून दांडा वर काढतं. दांड्यावर उभ्या रेघा असतात. पण वास घेण्यासाठी गाजरगवत चुरगळू नका, पानांची जोडी बघितली तरी पुरे.

सासूबाईंची खाज अंगावर काढू नका. गाजरगवतात पार्थेनिन नावाचं द्रव्य असतं, त्याने त्वचेला ॲलर्जी होते आणि वारंवार संपर्क आला की ती वाढत जाते, काहींना नंतर नुसत्या उडणाऱ्या परागांनीही चेहरा मान सुजते, दम्याचा त्रास असेल तर तोही बळावतो. त्वचारोगतज्ज्ञांना दाखवा आणि त्यांना "गाजरगवत उपटलं होतं" हे आवर्जून सांगा. यापुढे त्यांना या कामापासून लांबच ठेवा. बाकी कोणी उपटणार असेल तर रबरी हातमोजे, पूर्ण बाह्यांचा शर्ट, तोंडाला रुमाल, आणि काम झाल्यावर कपडे वेगळे धुवायचे.

पुणेकरांना या तणाबद्दल जरा जास्त माहिती असायला हवी असं मला नेहमी वाटतं. मूळचं अमेरिका खंडातलं, आपल्याकडे ते पसरायला लागलं ते पुण्यातून. १९५६ साली राव या वनस्पतिशास्त्रज्ञांनी बॉम्बे नॅचरल हिस्ट्री सोसायटीच्या जर्नलमध्ये पुण्यातल्या झाडांची नोंद छापली. बाहेरून आयात केलेल्या गव्हाबरोबर बी आलं असं सर्वसाधारणपणे मानतात. तिथून आज देशभर. एक झाड दहा ते पंचवीस हजार बिया करतं, उगवल्यापासून साधारण महिना-दीड महिन्यात फुलावर येतं आणि ओल मिळाली तर वर्षभर पिढ्यामागून पिढ्या काढतं. म्हणून कुंपणाकडची फुलावर आलेली झाडं आज, म्हणजे खरंच आज, काढा. फुलावर आलेली झाडं झटकायची नाहीत, अलगद मुळासकट उपटून सरळ पोत्यात. ती कंपोस्टमध्ये नको. फूल न आलेली कोवळी रोपं मात्र खुशाल कंपोस्टमध्ये टाका, चांगलं हिरवं खत होतं. पाऊस पडून गेल्यावर माती मऊ असते तेव्हा मूळ पूर्ण येतं, वरून तोडलं तर बुडापासून पुन्हा फुटतं.

लव्हाळ्याबद्दल इथले शेतकरी मंडळी माझ्यापेक्षा चांगलं सांगतील.

---

शेतकरी_कराड

मास्तरांच्या सगळ्या पोस्टला +१.

ताई लव्हाळ्याशी आमचं पिढ्यानपिढ्यांचं भांडण आहे, ऊस असो भाजीपाला असो तो आहेच. ओळख पक्की करायची तर दांडा बोटात धरून फिरवा, तीन कडा लागतात, गवताचा दांडा गोल असतो. तुम्ही वरून उपटता तेव्हा दांडा गाठीपासून तुटून येतो, गाठ खालीच. आणि त्या गाठी माळेसारख्या असतात, एक वरची जागी असते तोवर मागच्या बऱ्याच झोपलेल्या असतात, तुम्ही कुदळीने किंवा रोटरने माळ तोडली की झोपलेल्या सगळ्या जाग्या होतात आणि एकाचे दहा होतात. म्हणून पावसाळ्यात लव्हाळ्यात कुदळ घालू नका, ओल्या मातीत तुटलेली प्रत्येक गाठ रुजते.

मग करायचं काय. पावसाळ्यात फक्त उपासमार. वर पात आली की खुरप्याने जमिनीच्या थोडं खालून कापायची, पाच-सहा पानं व्हायच्या आत, म्हणजे साधारण दर दोन-तीन आठवड्यांनी, न चुकता. गाठीत साठवलेलं अन्न पात काढण्यात खर्च होतं आणि पात उन्हाला लागून नवीन अन्न खाली जायच्या आत आपण कापतो. एक हंगाम असं चिकाटीने केलं तर फरक डोळ्याला दिसतो. मध्ये एक महिना सुट्टी घेतली तर परत पहिल्यापासून, हे पण सांगून ठेवतो.

दुसरं, लव्हाळ्याला सावली अजिबात सोसत नाही. मोकळी जागा ठेवूच नका. चवळी दाट पेरा किंवा रताळ्याचे वेल लावा, जमीन झाकली गेली की लव्हाळा निम्मा होतो आणि तुम्हाला खायलाही मिळतं.

तिसरं काम मे महिन्यातलं. तेव्हा माती कोरडी ठणठणीत असते, तेव्हा कुदळ चालवा, वीतभर खोल खणून ढेकळं उलटी करा, गाठी वेचता येतील तेवढ्या वेचा आणि राहिलेल्या उन्हात सुकून मरू देत. बहुतेक गाठी वरच्या अर्ध्या फुटातच असतात. त्या दिवसांत त्या जागेला पाणी मात्र द्यायचं नाही. हीच कुदळ जुलैत घातली तर नुकसान आणि मे मध्ये घातली तर फायदा, एवढाच फरक.

काळ्या मल्चिंग पेपरवर भरवसा ठेवू नका, लव्हाळ्याचा कोंब सुईसारखा असतो, अंधारात टोकदारच राहतो आणि पेपर फोडून वर येतो. उन्हाळ्यात माती भिजवून वरून पारदर्शक प्लॅस्टिक ताणून, कडा मातीने बंद करून चार ते सहा आठवडे ठेवतात त्याचा परिणाम बरा आहे, उजेड मिळाल्याने कोंब आतच पानं उघडतो आणि उष्णतेने भाजून जातो. वरच्या थरातलं गाजरगवताचं बी पण त्यात बरंच मरतं.

औषधाचं म्हणाल तर दुकानदाराचं ऐकू नका. टू-फोर-डी रुंद पानांच्या तणाचं औषध आहे, टोमॅटो, मिरची, वांगी सगळी रुंद पानांचीच. त्याचा वाऱ्यावर आलेला वाफारा जरी लागला तरी टोमॅटोची पानं पिळवटतात, आमच्याकडे द्राक्षवाले या औषधाचं नाव काढलं तरी घाबरतात. अर्ध्या गुंठ्यात तुम्ही ते भाजीपासून लांब ठेवणार कसं? आणि ग्लायफोसेट जे हिरवं दिसेल ते मारतं, तुमचा मोगरा पण. शिवाय २०२२ च्या ऑक्टोबरमध्ये केंद्र सरकारने आदेश काढून त्याची फवारणी फक्त पेस्ट कंट्रोल ऑपरेटरमार्फतच करायची असं बंधन घातलं होतं, घरच्या बागेसाठी ते औषध नाहीच. लहान मूल त्याच मातीत खेळणार असेल तर विषय संपला. आमच्याकडे म्हणतात तण खाई धन, खरं आहे, पण म्हणून घरच्या परसात विष ओतायचं नसतं.

आणखी एक, शेणखत. अर्धकच्चं असेल तर जनावरांनी खाल्लेल्या गवताचं बी त्यातून जिवंत येतं. पुढच्या वेळी खत हातात घेऊन बघा, शेणाचा वास आला किंवा आत गरम लागलं तर अजून कुजलेलं नाही, ढीग घालून ओला ठेवा, मधून मधून उलटा, मगच वापरा. आणि माती कुठल्या शेतातली किंवा नाल्यातली आहे ते विचारून घ्या, लव्हाळ्याच्या गाठी शक्यतो मातीतूनच आल्या असणार.

---

रील_बघून

मीठ + व्हिनेगर + भांड्यांचं लिक्विड असं मिश्रण फवारलं की सगळं तण दोन दिवसांत वाळतं असं बघितलंय. केमिकल पण नाही. ते चालेल का?

---

वनस्पती_मास्तर

नको, कृपया नको. वाळतं ते फक्त वरचं. व्हिनेगरने पानं करपतात, लव्हाळ्याच्या गाठीला आणि वेडेलियाच्या मुळाला काहीही होत नाही, महिन्याभरात पुन्हा फूट. आणि मीठ मातीत राहतं. गाजरगवतावर मिठाचं दाट द्रावण रस्त्याच्या कडेला, पडीक जागेत फवारतात हे खरं, पण जिथे उद्या मेथी-पालक लावायचाय तिथे ते घालणं म्हणजे स्वतःची जमीन बिघडवणं. फरशांच्या फटीत, गेटसमोरच्या पेव्हर ब्लॉकमध्ये उगवलेल्या रोपट्यांवर उकळतं पाणी ओता, तेवढं पुरतं.

---

कोकणचो_माळी

मी कुडाळचा. वेडेलियाबद्दल लिहितो कारण आमच्याकडे ओढ्यांच्या काठावर, रस्त्याच्या कडेला याचे गालिचे झालेत आणि बघून जीव तुटतो.

हा मूळचा मध्य अमेरिका-कॅरिबियनकडचा. जगातल्या सर्वांत त्रासदायक शंभर आक्रमक प्रजातींची जी यादी आयुसीएन या आंतरराष्ट्रीय निसर्गसंवर्धन संस्थेच्या तज्ज्ञगटाने काढलीय त्यात हा आहे, आपली टणटणी आहे, रानमोडी आहे, जलपर्णी आहे, सुबाभूळपण आहे. म्हणजे नर्सरीतून आपण पैसे देऊन कोणाला घरी आणतोय ते बघा. नर्सरीवाल्यांचं म्हणणं असतं की याला पाणी कमी लागतं, कीड लागत नाही, सावलीत पण येतो, उन्हात पण येतो. ताई, जे झाड इतक्या सगळ्या गोष्टी सोसतं त्याच्यापासून सावध राहावं.

काढायचा कसा: कापू नका, ओढा. एका कडेने सुरुवात करा, गालिचा गुंडाळतात तसा उचलत जा, प्रत्येक पेराची मुळं खुरप्याने मोकळी करत. ग्रास कटर चालवलात तर तुकडे सगळ्या बागेत उडतील आणि तेवढ्या ठिकाणी नवीन रोपं. काढलेला ढीग मातीवर ठेवायचा नाही, स्लॅबवर किंवा ताडपत्रीवर, पावसापासून आडोशाला, कुरकुरीत वाळेपर्यंत. तोवर कंपोस्टला पण नाही. आणि सगळ्यात महत्त्वाचं, गटारात किंवा नाल्यात टाकू नका, पाण्याबरोबर तुकडे गेले की खाली जिथे अडकतील तिथे रुजतात, आमचे ओढे असेच भरलेत. गटाराच्या कडेने गेलेला भाग तर सगळ्यात आधी काढा. नंतर पावसाळाभर त्या जागेवर फेरी मारून नवीन फुटवे उचलत राहायचे.

त्याच्या जागी काहीतरी लावा, जमीन उघडी ठेवू नका. ओल धरणारी जागा असेल तर ब्राह्मी, मंडूकपर्णी, जलपिंपळी ही आपल्याकडचीच आहेत, जमिनीलगत पसरतात, मोगऱ्यावर चढत नाहीत.

जाता जाता, कुंपणाला टणटणी असेल तर तीपण बघा. नुसती छाटली तर जोमाने वाढते. जमिनीखाली दोन-तीन इंचांवर मूळ तोडून बुंधा वर काढायचा आणि उलटा करून टांगायचा म्हणजे परत रुजत नाही. काळी फळं व्हायच्या आधी करा कारण पक्षी ती खाऊन बी सगळीकडे नेतात. रानमोडीचं पण तेच, थंडीत फुलते आणि बी वाऱ्यावर उडतं, त्यामुळे पावसाळा संपता संपता उपटून टाकायची.

आणि हे एकतर्फी नाही बरं का. आपल्या सह्याद्रीतली माधवलता, काय सुंदर वेल आहे, ती त्याच शंभरांच्या यादीत आहे, मॉरिशस आणि रियुनियन बेटांवर तिने तिथल्या जंगलांना त्रास दिलाय. इथे तिला खाणारे किडे आहेत, सोबतची झाडं आहेत, तिथे काहीच नव्हतं. वेल वाईट नसतो, चुकीच्या जागी नेऊन सोडणं वाईट.

---

परसदारी

सगळ्यांनी इतकं छान लिहिलंय. मला फक्त एवढंच म्हणायचंय की ताई, तण काढताना सगळं सरसकट काढू नका हो. पावसाळ्यात उगवणाऱ्या कितीतरी गोष्टी आपल्या आज्या भाजीत घालायच्या. घोळ, टाकळा, केना, आंबुशी, पुनर्नवा. टाकळ्याची कोवळी पानं पहिल्या पावसानंतर लसूण मिरची घालून, वरून खोबरं, माझ्याकडे ही भाजी झाल्याशिवाय पावसाळा सुरू झाला असं वाटत नाही. आघाडा श्रावणात, गणपतीत पत्रीला लागतो, एका कोपऱ्यात दोन झाडं ठेवा, बी मात्र कपड्यांना चिकटून पसरतं म्हणून तुरे वाळायच्या आत कापा. हरळी तर दूर्वाच, ती वाफ्यात नको पण एखाद्या जुन्या टोपलीत लावून ठेवा, गणपतीत बाजारात जावं लागणार नाही.

घोळ ओळखताना एकच काळजी. घोळीसारखीच जमिनीलगत पसरणारी एक दुधी असते, बारीक पानांची, तिचा देठ तोडला की पांढरा चीक येतो. घोळीचा देठ जाड रसाळ असतो आणि पाण्यासारखा रस येतो. चीक आला की ती भाजी नाही. आणि गाजरगवतावर औषध फवारलेल्या किंवा रस्त्याकडेच्या जागेतलं काहीच खायला घ्यायचं नाही.

---

अंगण_तळेगाव

किती मनापासून लिहिलंत सगळ्यांनी, खूप खूप आभार. सासूबाईंना त्वचारोगतज्ज्ञांकडे नेलं, त्यांनीही गाजरगवताचीच ॲलर्जी सांगितली आणि मलम दिलंय, खाज उतरायला लागलीये. फुलावरची झाडं नवऱ्याने हातमोजे घालून पोत्यात भरली. पानांच्या जोडीच्या खुणेने झेंडूची रोपं पण वाचली, त्यातली बरीच खरंच झेंडूची निघाली. वेडेलिया ओढायचं काम चालू आहे, गटाराच्या कडेपासून सुरू केलं. लव्हाळ्यासाठी कॅलेंडरवर खुणा करून ठेवल्यात, टोमॅटोच्या दोन ओळींमध्ये चवळी पेरतेय.

आता मोठा प्रश्न. शेजारचा प्लॉट रिकामा आहे, मालक बाहेरगावी, आणि तिथे कमरेएवढं गाजरगवत आहे. आम्ही कितीही काढलं तरी बी तिथून येणारच ना? त्याचं काय करायचं? ते भुंगे सोडतात म्हणे, ते मिळतात का?

---

वनस्पती_मास्तर

बरोबर विचारलंत, बी येणार. बी हलकं असतं, वारा, पाणी, चपला, गाडीची चाकं सगळ्यांबरोबर येतं.

ते मेक्सिकन भुंगेरे. १९८४ साली बंगळूरमध्ये पहिल्यांदा सोडले, नंतर अनेक राज्यांत पसरले. पिवळट पांढऱ्या पाठीवर तपकिरी नागमोडी रेघा, आकाराने तांदळाच्या दाण्याएवढे. ते आणि त्यांच्या अळ्या गाजरगवताची पानं खातात. पावसाळ्यातच काम करतात, कोरड्या दिवसांत जमिनीत झोपून जातात. आधी शेजारच्या प्लॉटवर नीट बघा, पानं चाळणीसारखी दिसली तर ते तिथे आलेलेच असतील, मग ती झाडं भुंग्यांसाठी थोडे दिवस राहू द्या. नसतील तर जवळच्या कृषी विज्ञान केंद्रात किंवा कृषी विद्यापीठाच्या तण विभागात चौकशी करा, जुलै-ऑगस्ट हाच सोडायचा काळ. ऑगस्टच्या १६ ते २२ तारखांना जबलपूरच्या तण संशोधन संचालनालयाच्या पुढाकाराने गाजरगवत जागरूकता सप्ताह असतो, त्या सुमारास बऱ्याच केंद्रांवर भुंगे वाटतात, प्रात्यक्षिकंही होतात. पण एका प्लॉटवर यंदाच सगळं फस्त होईल अशी अपेक्षा नको, त्यांची संख्या वाढायला वेळ लागतो.

म्हणून बरोबरीने दोन कामं. मालकांचा नंबर सोसायटीकडून मिळवून त्यांची परवानगी घ्या, बहुतेक जण आनंदाने हो म्हणतात, आणि तुमच्या कुंपणाला लागून असलेला आठ-दहा फुटांचा पट्टा आधी साफ करा, निम्मं बी तिथेच अडतं. मग त्या पट्ट्यात टाकळ्याचं बी फेका.

---

शेतकरी_कराड

टाकळ्याला माझंही अनुमोदन. आमच्या बांधावर टाकळा दाट झाला तिथे गाजरगवत मागे हटलं. बी यंदा मिळालं नाही तर दिवाळीच्या सुमारास रस्त्याकडेच्या वाळलेल्या शेंगा जमवून ठेवा आणि पुढच्या वळवाच्या पावसाआधी, म्हणजे मे अखेरीला फेकून द्या, पहिल्या सरीला टाकळा गाजरगवताच्या आधी वर यायला हवा. टाकळा पण तणच आहे हे लक्षात ठेवून तुमच्या कुंपणाच्या आत आला तर कोवळा असतानाच खुडा, परसदारी ताईंनी भाजी सांगितलीच आहे. आणि परवानगी मिळाली तर तो पट्टा या रविवारीच करा, पाऊस सांगितलाय, माती मऊ मिळेल.